चौऱ्याहत्तरच्या पुढे

वजन उतरवायला सुरुवात करणं मला कधीच जड गेलं नाही. जड गेलं ते चौऱ्याहत्तर किलोच्या खाली जाणं. एकोणऐंशीवरून मी दर वेळी नीट उतरायचे, चौऱ्याहत्तरच्या आसपास यायचे, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत होते तिथे परत. महाराष्ट्रात घराघरांत दीक्षित की दिवेकर असा वाद रंगला होता, तेव्हा मी दोन्ही पद्धती मनापासून केल्या. दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवूनही पाच किलो गेले आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खाऊनही पाचच गेले. दोन्हींत मोडले मात्र त्याच आकड्यावर. म्हणजे काय खायचं हे मला कळत होतं. काहीतरी दुसरंच आडवं येत होतं, आणि ते माझ्याच हातून घडत होतं.

मी साताऱ्यात राहते, एका पतसंस्थेत काउंटरला असते. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो. माझ्या आईला मधुमेह आहे. रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारं माझं एचबीए१सी ६.१ आलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, अजून मागे फिरता येतं. मग त्यांनी टेप काढून कंबर मोजली. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा धरतात, माझी ९७ भरली. ‘काट्याइतकंच हे पण बघत जा,’ ते म्हणाले आणि त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आतून चरबी बाळगून असतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. मला त्याचा वेगळाच उपयोग झाला. ‘मी काही एवढी जाड दिसत नाही’ हे जे मी स्वतःला समजावत असायचे, ते त्या दिवसापासून बंद झालं.

या वेळी मी एक वेगळी गोष्ट केली. पतसंस्थेची डायरी घेतली आणि ठरवलं, काय खाल्लं ते लिहायचं नाही. नको ते खाण्याच्या आधी काय घडलं, तेवढंच लिहायचं. कॅलरी मोजायची नाही की स्वतःला नावं ठेवायची नाहीत. नोंदी अशा असायच्या: ‘संध्याकाळी सव्वासहा, चहा, खारी. डबा दुपारी दोनला, अर्धीच भाकरी.’ ‘कॅश जुळेना, साडेसातला घरी, उभ्याउभ्या चिवडा.’ ‘पाटणला लग्न. मामी म्हणाल्या, किती वाळलीस.’ महिनाभर लिहिल्यावर मागची पानं चाळली तर ठरावीक गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसल्या.

पहिली अगदी साधी निघाली. ज्या दिवशी दुपारचा डबा अर्धा, त्या दिवशी संध्याकाळी खारीचा पुडा संपलेला. वजन खाली यायला लागलं की मला जोर चढायचा, मग मी एक भाकरी अर्ध्यावर आणायचे, उसळ कमी करायचे आणि हेच आपलं मनोबल आहे असं मानायचे. संध्याकाळी जे व्हायचं ते म्हणजे निव्वळ भूक. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ती मुलं दिवसभर फक्त अन्नाचा विचार करायची, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, आणि बंधन उठल्यावर पोट भरलं तरी त्यांचं खाणं थांबेना. हे वाचल्यावर मी खारीशी भांडणं सोडलं आणि दुपारच्या जेवणाकडे वळले. पूर्ण भाकरी, वाटीभरून मटकीची उसळ, ताक. साडेचारला काउंटर जरा मोकळा झाला की उकडलेलं अंडं नाहीतर मूठभर फुटाणे. खारी आजही घरात असते, मुलं खातात. मला तिच्याकडे बघून मनाला आवर घालावा लागत नाही.

दुसरी गोष्ट सोमवारची. गुरुवारी कुणी कंदी पेढे आणले, मी एक खाल्ला, की आतून आवाज यायचा: आता बिघडलंच आहे, सोमवारपासून बघू. मग गुरुवार ते रविवार सगळं मोकळं. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगात पकडलं आहे. चव घेण्याची चाचणी आहे असं सांगून त्यांनी आधी काही जणींना मिल्कशेक पाजला आणि नंतर सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेक पिऊन आल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, तसंच व्हायला हवं. पण डाएट सांभाळणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. नियम मोडला, मग उरलेला दिवस हिशेबातच नाही! माझं दुसरं टोकही डायरीत होतं. लग्नाहून आलं की दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपास, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट घालून. एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय. आता एकच नियम ठेवला आहे: काहीही झालं तरी पुढचं जेवण नेहमीचं. कमी नाही, जास्त नाही, उपासही नाही. पेढा दुपारी चारला खाल्ला असेल तर रात्री आठला माझ्या ताटात रोजच्यासारखी भाकरी, भाजी, डाळ असते.

पण चौऱ्याहत्तरचं कोडं या दोन्हींनी सुटत नव्हतं. ते त्या पाटणच्या नोंदीत होतं, आणि तिच्यासारख्या बऱ्याच नोंदी होत्या. चौऱ्याहत्तरला आले की ब्लाउज सैल व्हायचे, गालफडं दिसायला लागायची, आणि माणसं बोलायची. ‘बरी आहेस ना गं?’ ‘तोंड केवढं उतरलंय.’ ‘घरी काही टेन्शन आहे का?’ कौतुकही व्हायचं, पण ते मनात टिकायचं नाही. त्या रात्री मी हटकून जास्त जेवायचे. आमच्या माहेरी बारीक होणं म्हणजे दुखणं. मावशी कॅन्सरने गेली, ती आधी अशीच दिसामासी वाळत गेलेली मी पाहिली आहे. आरशात गालाची हाडं दिसली की मला आनंद व्हायच्या आधी तिचा चेहरा आठवायचा.

आणि आत्या. त्यांचं माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात त्या लहान होत्या. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलोच्या, म्हणजे तांबड्या ज्वारीच्या भाकरी त्यांनी खाल्ल्या आहेत. त्यांच्या लेखी सून वाळली म्हणजे घराला बट्टा, लोक काय म्हणतील, हिला खायला घालत नाहीत का. मी बारीक होऊ लागले की त्यांच्या हातातली तुपाची पळी माझ्या भातावर जरा जास्त वेळ थांबायची. मी नको म्हणायचे नाही. नको म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा आणि मग घरभर एक अवघडलेपण पसरायचं, ते मला सोसायचं नाही. डायरीतल्या त्या नोंदी एकाखाली एक वाचताना माझ्या लक्षात आलं की चौऱ्याहत्तरला मी भुकेने खात नव्हते, चवीनेही नाही. मी ठीक आहे, या घरात सगळं ठीक आहे, हे सगळ्यांना दाखवायला खात होते. मला माझ्या आळसाचा आणि जिभेचा जो राग यायचा, तो त्या दिवशी गेला.

मग आत्यांशी बोलणं भाग होतं. मी रिपोर्ट घेऊन त्यांच्याजवळ बसले. माझ्या आईच्या पायाची जखम किती महिने भरत नव्हती, ते त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं. म्हटलं, ‘आत्या, मला त्या वाटेनं जायचं नाहीये. मी वाळत नाहीये, मुद्दाम उतरवतेय.’ त्या बराच वेळ रिपोर्टकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, ‘मग आधी सांगायचंस की. मला वाटलं, माझ्या हातचं गोड लागंना तुला.’ इतकी वर्षं आम्ही दोघी एकाच ताटाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी समजून बसलो होतो. तेव्हापासून त्या माझ्यासाठी हुलग्याचं माडगं करतात, मनापासून करतात, आणि ते मी दोन वाट्या पिते. त्यांना वाढायचं असतं आणि मला त्यांच्या हातचं खायचं असतं, यात आता काही अडचण उरलेली नाही.

चौऱ्याहत्तर त्या पावसाळ्यात मागे पडलं. तो आकडा कधी ओलांडला तेही मला नीट आठवत नाही.

आता टिकून राहण्याबद्दल. मला रोज उत्साह असतो असं कुणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. पहाटे साडेपाचला उठून अजिंक्यताऱ्यावर जायची इच्छा बहुतेक दिवशी नसतेच. शेजारच्या वहिनी खाली येऊन थांबतात म्हणून मी जाते, आणि मी येणार म्हणून त्या येतात. आमचं ठरलेलं आहे: ज्या दिवशी अगदी नको वाटेल त्या दिवशी निदान गडाच्या वाटेवरच्या ‘चार भिंती’ या ठिकाणापर्यंत जायचं, तिथून परत फिरायची मोकळीक. तिथवर आलं की बहुतेक वेळा पाय आपोआप गडाकडे वळतात, आणि नाही वळले तरी चालतं. आषाढ-श्रावणात वाट निसरडी होते तेव्हा वर जात नाही, घरातच जिन्याच्या फेऱ्या आणि सूर्यनमस्कार. ‘पाऊस आहे’ हे कारण पूर्वी मला सप्टेंबरपर्यंत पुरायचं, म्हणून त्याची सोय मे महिन्यातच करून ठेवते.

वजनकाट्याने मला पूर्वी फार रडवलंय, म्हणून त्याचं गणित समजून घेतलं. भात-भाकरीतली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. एका लग्नाचं जेवण, त्यातलं मीठ आणि भात, की दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलो वर. ती चरबी नसते. एक किलो चरबी चढायला अंदाजे ७७०० कॅलरी जास्तीच्या जाव्या लागतात, त्या एका पंगतीत जात नाहीत. पाळीच्या आधीही तसंच पाणी धरतं. हे माहीत नव्हतं तेव्हा दुसऱ्या दिवशीचा तो आकडा बघून मी सगळं सोडून द्यायचे. आता आठवड्याची सरासरी काढते आणि महिन्यातून एकदा कंबर मोजते. मधे एक अख्खा महिना वजन हललं नाही, पण टेप दीड सेंटिमीटर खाली आली. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला मोठा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्यात आहार आणि चालणं सुधारलेल्यांचा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता. ते मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. काटा थांबला तरी आत काम चालू असतं, याचा मला मोठा आधार वाटतो.

दिवाळीची मला भीती होती. फराळ नेहमीएवढाच केला, चकल्या आत्यांनी आणि मीच पाडल्या. फरक एवढाच की डब्यातून उभ्याने खायचं नाही, वाटीत घेऊन सगळ्यांबरोबर बसून खायचं. ते पाळता आलं.

एक गोष्ट मला पोटतिडकीने सांगायची आहे. माझं जे होतं ते डायरीने आणि बोलण्याने सुटलं, पण सगळ्यांचं तसं नसतं. चोरून, थांबवता न येईल इतकं खाल्लं जात असेल, नंतर शरमेने जीव नकोसा होत असेल, ओकून काढावंसं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. इच्छाशक्ती वाढवायचा प्रयत्न करत वर्षं घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं.

सध्या माझं वजन अडुसष्ट आहे, कंबर ८६, आणि मागच्या तपासणीत एचबीए१सी ५.६ आलं. अजून सहा सेंटिमीटर बाकी आहेत आणि आता ते फार हळू सरकतात. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, पाटणच्या मामींसकट सगळा गोतावळा जमणार. आत्यांनी आत्तापासूनच एकेकीला फोन करून सांगून ठेवलंय, सुनेला डॉक्टरांनी शुगरसाठी वजन उतरवायला सांगितलंय, तिला उगाच वाळली-वाळली म्हणायचं नाही.