सहा व्होल्टचा सेल्फ आणि हरवलेले अर्धे-अर्धे व्होल्ट

बाबांनी १९७४ साली ही १९६१ची फोक्सवॅगन बीटल एका जर्मन इंजिनिअरकडून घेतली. तेव्हापासून आमच्याकडे एक रीतच पडली होती: कुठेही गेलं की गाडी लावायला आधी उतार बघायचा. निघताना ब्रेक सोडायचा, दुसरा गिअर टाकायचा, क्लच सोडला की इंजिन चालू. गाडी सहा व्होल्टची, तिचा सेल्फ असाच अशक्त असायचा, हे घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. मीही, मागच्या मेपर्यंत.

वाईला निघालो होतो. खंबाटकी चढून सुरूर फाट्यावर चहाला थांबलो. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली तर सेल्फ गप्प. साधं टक्कसुद्धा वाजलं नाही. चार्जिंगचा लाल दिवा मात्र नीट पेटलेला. चहावाल्याच्या पोरांनी धक्का दिला म्हणून वाई गाठली. संध्याकाळी गार झालेली गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली.

गॅरेजवाले काका म्हणाले, ‘‘साहेब, बारा व्होल्ट करून टाका. कटकट मिटेल.’’ मला ते पटत नाही. त्यासाठी डायनॅमो, रेग्युलेटर, कॉइल, वायपरची मोटर आणि एकूणएक बल्ब बदलावे लागतात. शिवाय सहाच्या सेल्फला बारा व्होल्ट दिले की पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातांवर जोरात आदळतो. माझ्या फ्लायव्हीलला जुने १०९ दात आहेत आणि ते मला जपायचेत. ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा याच सेल्फवर चालू होत होती. मग मधल्या साठ वर्षांत बिघडलं काय?

गणित सोपं आहे. तेवढीच ताकद निम्म्या व्होल्टवर काढायची तर करंट दुप्पट लागतो. सेल्फ दोनशे अँपिअर ओढत असेल आणि वाटेत कुठे एक मिलिओहमचा अडथळा असेल, तर तिथे ०.२ व्होल्ट जातात. केबलच्या टोकाची गंजलेली लग, रंगावर बसवलेलं अर्थिंग, ढिला नट अशा तीन-चार जागा मिळून एक व्होल्ट खातात. बारा व्होल्टच्या गाडीत ते खपून जातं. इथे बॅटरीतच तीन सेल, त्यातला एक व्होल्ट गेला तर उरतं काय?

म्हणून काही विकत घेण्याआधी मल्टीमीटर काढला. कॉइलची मधली वायर काढून अर्थला लावली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि लेकीला किल्लीवर बसवलं. मागच्या सीटखालची बॅटरी नुसती असताना ६.३ दाखवत होती, सेल्फ मारताना ५.२. हे ठीक होतं. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर लावली. तिथे शून्याच्या जवळ आकडा हवा. आला ०.६! पॉझिटिव्ह केबलवर आणखी ०.३. म्हणजे सेल्फला जेमतेम ४.३ पोचत होते.

गिअरबॉक्स रबरावर बसतो, त्यामुळे त्याचं अर्थिंग एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून बॉडीला जातं. ती पट्टी सोडली तर बाहेरून तपकिरी, आतून हिरवी, आणि बोटांत धरल्यावर तिचा चुरा पडला. बोल्टखाली कुठल्यातरी जुन्या रंगकामाचा निळा थर तसाच होता. पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवी पट्टी आवळली, वर ग्रीस लावलं. बॅटरीच्या दोन्ही केबल ५० चौरस मिलिमीटरच्या वेल्डिंग केबलमधून करून घेतल्या, लग प्रेसने दाबून. पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी बसवली. ती बीटलमध्ये हवीच, नाहीतर सीटची स्प्रिंग टेकून आग लागू शकते.

तरी गरम गाडीत सेल्फ गप्प का, ते उरलंच होतं. बॅटरी मागे, सेल्फ मागे, पण किल्ली पुढे. सेल्फवरच्या सॉलेनॉइडला, म्हणजे सेल्फचा मोठा करंट जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचला, उठवणारा करंट बारीक वायरीतून पुढे डॅशपर्यंत जातो, किल्लीच्या झिजलेल्या कॉन्टॅक्टमधून फिरतो आणि पुन्हा मागे येतो. त्यात सॉलेनॉइड तापलेला. तांबं ५० अंशांनी तापलं की त्याचा अवरोध साधारण २० टक्क्यांनी वाढतो. इतक्या कमी व्होल्टवर त्याच्या आतला दांडा, प्लंजर, हलतच नाही.

उपाय एका रिलेचा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा. मागच्या सीटखाली बसवला: बॅटरीतून जाड, आखूड वायर रिलेला, तिथून सॉलेनॉइडला. किल्लीची जुनी वायर आता फक्त रिले उठवते. रिलेची कॉइल मात्र सहा व्होल्टचीच हवी, बाराची भरवशाने ओढत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरल्यावर मिळाला.

सेल्फ उतरवलाच होता म्हणून उघडून पाहिला. आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागावर, एका बाजूला चकचकीत घासलेली रेघ होती. शाफ्टचं टोक ज्यात फिरतं तो गिअरबॉक्सच्या घरातला बुश झिजला की शाफ्ट कलतो आणि आर्मेचर बाजूच्या स्थिर पोलला घासतं. लेथवर गनमेटलचा बुश करून घेतला. कार्बन ब्रश सहा व्होल्टच्या सेल्फचेच घातले, त्यात तांब्याचं प्रमाण जास्त असतं.

आता अर्थिंगवर ०.१ जातात, केबलवर ०.१. सेल्फचा आवाजच बदलला, आधी कण्हायचा, आता सलग फिरतो.

गेल्या रविवारी बाबांना घेऊन पुन्हा सुरूर फाट्यावर थांबलो. मागून बाबा म्हणाले, ‘‘उतार बघ रे आधी.’’ बघितला, तिथेच लावली. चहा झाल्यावर हँडब्रेक तसाच ओढलेला ठेवला आणि किल्ली फिरवली.