राजापूरची कातळशिल्पं: भर दुपारी देवाचे गोठण्याला जाऊ नका

निकाल आधीच सांगतो. राजापूर तालुक्यातली कातळशिल्पं (उघड्या कातळात कोरलेली माणसांची, प्राण्यांची जुनी चित्रं) एका दिवसात 'उरकतात' असं सांगणाऱ्याने एकतर ती बघितलेली नसतात, किंवा त्याची स्वतःची रिक्षा असते. आम्हाला भेटला तो दुसऱ्या प्रकारातला.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. मी आणि मेहुणा राजापूर रोड स्टेशनला उतरलो. (स्टेशनच्या नावावर जाऊ नका, राजापूर गाव तिथून चांगलंच लांब आहे.) युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत 2022 साली कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यातली बरीचशी याच तालुक्यात. रिक्षावाल्याने देवाचे गोठणे, रुंढे तळी, बारसू, देवीहसोळ, कशेळी अशी पाच बोटं मोडून दाखवली आणि दिवसाचे 3,200 सांगितले. आम्ही 2,800 वर आणले आणि स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी 'थांबायचे' म्हणून 900 वेगळे मोजावे लागले, आणि पाहून झाली होती दोन ठिकाणं. थांबायचे तास धरूनच भाडं ठरवा, तेही बसायच्या आधी.

आता गोठणे. सड्यावर (म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर) जायची सरळ वाट गावातल्या भार्गवरामाच्या देवळाकडून चढते. आमच्या माणसाने मोबाइलमधल्या नकाशावरचा ठिपका बघून आम्हाला सड्याच्या भलत्याच अंगाला सोडलं आणि 'समोरच आहे, दहा मिनिटं' म्हणाला. वाजले होते साडेबारा. ती दहा मिनिटं दीड तास चालली. सडा लांबून टेबलासारखा सपाट दिसतो. प्रत्यक्षात जांभा खड्ड्याखड्ड्यांचा आणि धारदार असतो. वर गुडघाभर वाळलेलं गवत, त्यामुळे पाय कुठे पडतोय ते कळत नाही. कुसळं मोज्यांतून आरपार जातात. सावली म्हणाल तर करवंदीच्या एका जाळीची, तीही कमरेएवढी. खालून तापलेला कातळ, वरून ऊन, मध्ये आम्ही दोन भाकऱ्या. दोघांत मिळून दोन लिटर पाणी होतं, ते अर्ध्या वाटेतच संपलं.

शेवटी गुरांमागची एक आजी भेटली. तिने काठीने दिशा दाखवली आणि वर म्हणाली, "आता काय दिसनार? उनं उतरली की या." तेव्हा हसलो. तिथे पोचल्यावर मेहुणा विचारतोय, "कुठाय?" आणि उभा आहे शिल्पातल्या माणसाच्या पायावर!

खरी गोम ही आहे. ही शिल्पं म्हणजे उठावाचं काम नाही, कातळात कोरलेल्या उथळ रेषा आहेत. सूर्य डोक्यावर असला की रेषेत सावली पडत नाही आणि चित्र पुसल्यासारखं होतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. मधल्या वेळेत राजापुरात जेवा, झोपा, काहीही करा. रेषा नीट दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरणारे महाभाग असतात, त्यांच्यातले होऊ नका. आणि शिल्पावर बूट नकोत (मेहुण्याला सांगून झालंय).

गोठण्याची ती एकटी मानवाकृती होकायंत्रासाठी प्रसिद्ध आहे. तिच्याजवळ सुई खरोखर भरकटते, आम्ही तीन वेळा करून पाहिलं. जांभ्यात लोह भरपूर असतं. पण कोरणाऱ्यांना त्याचा पत्ता होता, असल्या गप्पा मी मनावर घेतल्या नाहीत.

बारसूला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, आणि तेच डोळे, तोच कातळ, पण लख्ख दिसलं: मध्ये माणूस, दोन बाजूंना दोन वाघ. थकवा कुठे गेला कळलं नाही. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही दोन वाघांना थोपवून धरणारा माणूस आहे, म्हणून काही जण थेट नातं जोडतात. मला ती उडी फार लांब वाटते. पण तिथे उभं असताना माझ्याही अंगावर काटा आला, हे खोटं कशाला बोलू?

कशेळीला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गेलो. गर्दी नाही, ऊन नाही. सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद हत्ती, आणि त्याच्या पोटात कितीतरी लहानमोठे प्राणी. त्याच अंगात जंगलाचे प्राणी आहेत आणि समुद्रातले मासेही. म्हणजे ही माणसं सड्यावर कोरत होती, पण किनारा त्यांच्या ओळखीचा होता. इतर सड्यांवर गेंडाही सापडला आहे, जो आज कोकणात नाही. आणि या सगळ्यात शेतीचा मागमूस नाही: नांगर नाही, पीक नाही. त्यामुळे अभ्यासक ही शिकारी-संकलक माणसांची कामं मानतात आणि मध्याश्मयुगाकडे, म्हणजे शेतीच्या आधीच्या काळाकडे, बोट दाखवतात. नेमकं वर्ष विचारू नका. उघड्या कातळावर माती टिकत नाही, हाडं-कोळसा मिळत नाही, मग काळ मोजायचा कशावरून? कुणी छातीठोक 'बारा हजार वर्षं' सांगून फोटोचे पैसे मागत असेल, तर दोन्ही देऊ नका, विश्वासही आणि पैसेही.

हत्ती एका नजरेत मावत नाही. सोंडेपासून सुरू करा, हळूहळू भोवताली फिरा. आम्हाला दोन तास लागले.

नंतरचा दीड दिवस कनकादित्याचं देऊळ, समुद्र, मासे वगैरे. छान होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर सरळ रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीला जा. तिथल्या हत्तीभोवती गोल गडगा (दगडी कुंपण) घातलाय, वरून नीट दिसतो, आणि गावाला कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे. पावसाळ्यात सड्यावर शेवाळ आणि खड्ड्यांत पाणी, एप्रिल-मेमध्ये तवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक, पण तेव्हा कुसळं असतातच. जाड लांब पँट घाला. पाणी माणशी तीन लिटर. आणि गुरांमागची आजी भेटली तर तिचं ऐका.