चिखल्या, खरचटणं आणि टी ट्री ऑइल

पावसाने जोर धरला की आमच्या कुडाळात चिखल्यांवर औषध मागणाऱ्यांची रीघ लागते. बोटांच्या बेचक्यात पांढरं पडलेलं कातडं, मध्ये चीर आणि रात्रभर खाज. हल्ली बरेच जण मुंबईच्या मुलीने नाहीतर सुनेने सांगितलं म्हणून थेट टी ट्री ऑइलच मागतात. मी फार्मसिस्ट आहे, काउंटरवर हे तेल ठेवते. पण बाटली देण्याआधी दोन मिनिटं बोलते, मागे कितीही गर्दी असो.

तेल खरोखर गुणाचं आहे, म्हणूनच बोलावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात मेलाल्युका आल्टर्निफोलिया हे झाड वाढतं. तिथले बुंदजलंग आदिवासी त्याचा पाला चेचून जखमेवर बांधत आले. १९२० च्या दशकात सिडनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी तेल तपासलं, तर तेव्हाच्या कार्बोलिक ॲसिडपेक्षा ते जंतुनाशक म्हणून सरस निघालं. हे काम मुख्यतः त्यातलं टर्पिनेन-४-ऑल करतं. जंतूच्या पेशीचं आवरणच ते खिळखिळं करतं.

"झाडाचाच तेल मा? मग काय होतला?" असं काकू विचारतात. होतं, काकू. नुसतं तेल लावलं तर कातडी लाल होते, आग होते, पुरळ उठतं. एकदा ॲलर्जी जडली की ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. म्हणून चहाचा एक चमचा खोबरेल घ्यायचं आणि त्यात तेलाचे दोन थेंब, बस. पाण्यात कालवू नका. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि कातडीला तसंच जाऊन भिडतं. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा एक ठिपका लावून दोन दिवस वाट बघा.

बाटली गडद काचेची हवी, बूच घट्ट हवं. फोडल्याची तारीख मी स्वतः मार्करने लेबलवर घालून देते. हवा, ऊन आणि उष्णता लागली की तेलाचं ऑक्सिडेशन होतं आणि ॲलर्जीचा धोका त्या जुन्या तेलातच जास्त असतो. खिडकीतल्या फळीवर वर्षानुवर्षं पडलेली बाटली सरळ टाकून द्यावी.

खरचटलं तर आधी साबण-पाण्याने जखम धुवा, मग हे मिश्रण. खोल जखम, भाजलेली जागा, डोळे, कान, तोंड इथे अजिबात नको. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या जखमेवर घरी प्रयोग करू नयेत. हे तेल पोटात गेलं तर विषारी आहे, लहान मूल गुंगीत जाऊ शकतं. तसं झालं तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता बाटलीसकट दवाखाना गाठा. मांजर-कुत्र्यांच्या अंगालाही लावू नका.

चिखल्यांचं म्हणाल तर ती बुरशी, म्हणून मी बुरशी मारणारं क्लोट्रिमॅझोलचं मलमच सुचवते. टी ट्रीच्या १० टक्के क्रीमने खाज कमी झाली, पण बुरशी जाण्यात फारसा फरक पडला नाही, असं चाचणीत दिसलं आहे. मुरुमांवर मात्र ५ टक्के जेल चांगलं. १९९० साली १२४ जणांवर झालेल्या चाचणीत ते मुरुमांवरच्या नेहमीच्या बेन्झॉइल पेरॉक्साइड या औषधापेक्षा सावकाश लागू पडलं, पण दुष्परिणाम कमी झाले.

आणि लावणीला उतरणाऱ्यांना मी हात जोडून सांगते: पायाला चीर असताना तेल चोपडून चिखलात जाऊ नका. लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातल्या जंतूंमुळे येणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, त्याने अडत नाही. ते जंतू चिरेतूनच आत शिरतात. गमबूट घाला. लावणीनंतर ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर माझ्याकडे तापाची गोळी मागत येऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि शेतात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आधी सांगा.