आधी वाचलं, मग ऐकलं

रॅप मी आधी वाचलं आणि मग ऐकलं. १९९८च्या सुमारास न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत नव्यानं आलेल्या, पहिला पगार व्हायचा असलेल्या माझ्यासारख्या मराठी पोराला दुसरी सोयच नव्हती. सीडी महाग. मासिक त्या मानानं स्वस्त, आणि जर्नल स्क्वेअरच्या स्टॉलवर उभ्या उभ्या चाळलं तर फुकट. स्टॉलवाले गुजराती काका थोडा वेळ चालवून घ्यायचे, मग म्हणायचे, "भाई, आ लायब्ररी नथी." मग 'द सोर्स' किंवा 'एक्सएक्सएल' या रॅपच्या मासिकांपैकी जे जास्त जाडजूड दिसेल ते घ्यायचं.

जाड असायचं ते जाहिरातींमुळे. ढगळ जीन्स, टिंबरलँडचे बूट, गळ्यातल्या साखळ्या आणि 'लवकरच येत आहे' म्हणणारे अल्बम. त्यांतले काही अजूनही यायचे आहेत. पण दिवाळी अंकांवर वाढलेल्या माणसाला जाहिरातींतून मजकूर हुडकायची सवय असतेच.

'द सोर्स' १९८८ मध्ये सुरू झालं ते हार्वर्डमधल्या दोन विद्यार्थ्यांचं बातमीपत्रक म्हणून. दोन वर्षांत ते न्यूयॉर्कला आलं. त्यात अल्बमना ताऱ्यांऐवजी माइक मिळायचे, जास्तीत जास्त पाच. १९९४ मध्ये नास या वीस वर्षांच्या रॅपरच्या 'इलमॅटिक' या अल्बमला पाचही मिळाले. परीक्षण लिहिलं होतं मिन्या ओ या तरुणीनं, 'शॉर्टी' या टोपणनावानं. तो जुना अंक माझ्या हाती आला तेव्हा मी 'इलमॅटिक'ची एक ओळही ऐकली नव्हती. परीक्षण वाचून मी डोक्यात माझा स्वतःचा 'इलमॅटिक' तयार केला. त्यात पाऊस होता आणि ट्रेनचा खडखडाट होता. पुढे सीडी घेतली, तर सुरुवातीलाच खरोखर ट्रेनचा आवाज. पाऊस मात्र माझाच.

रॅपचा आवाज खरखरीत का, हेही मी वाचूनच शिकलो. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे तबकड्यांतले तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, सगळं मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग रॅपचं संगीत करणारी मंडळी मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसवर फिरवून आवाज आत भरायची आणि यंत्रात पुन्हा संथ करायची. जागा वाचायची, पण आवाजावर धूळ बसायची. तीच धूळ पुढे लोकांना इतकी आवडली, की आज लख्ख आवाज देणाऱ्या संगणकांवर ती मुद्दाम फवारतात.

दुसऱ्यांच्या तबकड्यांतले असे तुकडे उचलणं पुढे महागात पडलं. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरवरच्या अशाच उचलेगिरीच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेनं केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि प्रत्येक परवानगीचे पैसे. डी ला सोल या रॅप गटाचा १९८९चा पहिला अल्बम अशाच परवानग्यांच्या गुंत्यात अडकला आणि स्ट्रीमिंगवर यायला थेट मार्च २०२३ उजाडला. तोवर फोनवर सगळं जग ऐकणाऱ्या पोरांनी हा थोर अल्बम बहुधा माझ्यासारखाच आधी वाचला असणार.

'द सोर्स'मध्ये रेकॉर्ड कंपनीशी करार न झालेल्या नवख्यांसाठी एक सदर होतं, 'अनसाइन्ड हाइप'. मार्च १९९२ मध्ये त्यात ब्रुकलिनचा एक धिप्पाड पोरगा झळकला. तोच पुढे गाजलेला रॅपर नोटोरियस बी.आय.जी., म्हणजे बिगी. १९९४च्या 'ज्यूसी' या गाण्यात तो जुने दिवस आठवतो, तेव्हा त्याला आधी आठवतं 'वर्ड अप' हे मासिक आणि भिंतीवर लावलेली चित्रं. म्हणजे गतकाळाची हुरहूर ही काही आम्हा चाळिशी ओलांडलेल्यांची मिरास नाही. ज्याला आम्ही सुवर्णकाळ म्हणतो, त्यातला बाविशीचा पोरगाच मागे वळून उसासे टाकत होता!

मासिकं धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. १९९४ मध्येच 'द सोर्स'च्या मालकानं आपल्या दोस्तांच्या बँडवरचा लेख संपादकांना अंधारात ठेवून छापला आणि संपादकांनी राजीनामे दिले. 'व्हाइब' या दुसऱ्या मासिकानं सप्टेंबर १९९६च्या मुखपृष्ठावर पूर्व विरुद्ध पश्चिम, म्हणजे अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या रॅपवाल्यांचा, सामना रंगवला. त्याच महिन्यात पश्चिमेकडचा रॅपर टुपाक गोळीबारात गेला. मार्च १९९७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बिगीला गोळ्या घातल्या, तेव्हा तो ज्या पार्टीतून निघाला होता तिच्या यजमानांत 'व्हाइब' होतं. भांडण लावलं मासिकांनी असं मी म्हणणार नाही. पण त्यावर अंक खपवले, हे खरं.

तरी 'एक्सएक्सएल'नं एक काम असं केलं, की बाकी सगळं माफ. २९ सप्टेंबर १९९८ला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एकशे सव्विसाव्या रस्त्यावर, एका घराच्या पायऱ्यांपाशी, पावणेदोनशेच्या आसपास रॅपवाले गोळा केले आणि गॉर्डन पार्क्स या पंचाऐंशी वर्षांच्या छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतला. त्याच पायऱ्यांवर १९५८ मध्ये आर्ट केननं सत्तावन्न जॅझवाल्यांचा फोटो टिपला होता. योगायोग असा, की त्याच मंगळवारी जे-झी, आउटकास्ट, ब्लॅक स्टार आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट यांचे अल्बम दुकानांत आले. माझ्या खिशात एका सीडीचे पैसे होते. मी आउटकास्ट घेतला. बाकीचे वाचले.

आता 'व्हाइब'चे जुने अंक गूगल बुक्सवर पानापानानं पाहता येतात. मी अजूनही परीक्षणं आधी वाचतो, गाणं मग लावतो. डॉ. ड्रे या रॅपरच्या 'द क्रॉनिक' या अल्बमला 'द सोर्स'नं साडेचार माइक दिले, तो अर्धा का कापला यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते कापला ते बरंच झालं. मधली ती डॉक्टरच्या दवाखान्याची नाटुकली दुसऱ्यांदा ऐकवत नाही.