पुसलेली खाती

नवं अकाउंटिंग सॉफ्टवेअर विकणारा प्रतिनिधी ठरलेलं वाक्य बोलून गेला, "जुना डेटा ना? इम्पोर्ट दाबायचं, झालं." डीबीएफ, म्हणजे जुन्या डेटाबेसची फाइल, आतून न पाहिलेला माणूसच असं बोलू शकतो.

कंपनी छोटी. सगळी उधारी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये, ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं काम माझं. प्रोग्राम तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं कधीकाळी लिहिलेला, तो कधीच नोकरी सोडून गेलेला. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ची, मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट २०१५मध्ये संपला. प्रोग्रामला त्याचं काही नव्हतं, तो चालूच होता. दहा अक्षरांत कोंबलेली फील्डची नावं, दोन आकडी सालं, हे नेहमीचंच, ते निस्तरलं.

पण येणं बाकी जुळेना. जुन्या रिपोर्टची बेरीज जास्त, माझी कमी.

फॉक्सप्रोत नोंद डिलीट केली तरी ती फाइलमधून जात नाही. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक बाइट असतो. एरवी तो रिकामा, डिलीट केल्यावर तिथे चांदणी (*). ‘पॅक’ आदेश दिला तरच नोंद खरोखर जाते. माझी स्क्रिप्ट चांदणीवाल्या नोंदी वगळत होती. जुना रिपोर्ट मात्र ‘सेट डिलीटेड ऑफ’ करून त्याही छापत होता. आणि मेन्यूतली पॅकची ओळ कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलेली.

हिशेब बघणाऱ्या बाईंना विचारलं. "अहो सर, ती पुसलेली नाहीत! वादातली आहेत. पैसे यायचेत, पण माल द्यायचा नाही."

नवा कॉलम घालून देणारं कुणी उरलं नव्हतं. ब्राउझमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, कंट्रोल-टी दाबलं की नोंदीच्या डाव्या कडेला काळी खूण येते, एवढं त्यांना सापडलं होतं. त्यावर त्यांनी इतकी वर्षं वसुली सांभाळली. भरपूर पैसे मोजून करून घेतलेली याहून वाईट डिझाइनं मी पाहिली आहेत.

गोची पुढे होती. चुकून दोनदा उघडलेल्या खात्यांवरही हीच खूण. मग रिपोर्टची बेरीज बरोबर कशी? नव्हतीच. बाई प्रिंटवर पेनानं ती खाती कापायच्या आणि खरा आकडा खाली हातानं लिहायच्या. मालक सही करायचे ती त्या आकड्यावर. म्हणजे मी ज्या बेरजेशी ताळा करत बसलो होतो, ती कंपनीत कुणीच वापरत नव्हतं.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये खातं ‘निष्क्रिय’ केलं की ते येणं बाकीतून गायब होतं. प्रतिनिधी म्हणाला, "कस्टमायझेशन लागेल, त्याचे वेगळे पैसे." माल जाऊ नये म्हणून उधारीची मर्यादा शून्य ठेवावी, तर इथे शून्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’. शेवटी वादातल्या सगळ्या खात्यांना मर्यादा १ टाकली. हे कागदावर लिहून दिलंय, पण तो कागद कोण वाचणार?

काही खाती वादातली की दुबार, हे बाईंनाही आठवेना. मालक म्हणाले, "सोडून द्या." बाई ऐकेनात, जुन्या प्रिंट्सचे गठ्ठे काढून बसल्या आहेत. तोवर ती खाती मी ‘अनिर्णित’ नावाच्या गटात घातली आहेत आणि दोन बेरजांमधला फरक तसाच उभा आहे.