कॅबिनेट घेताना आधी टेप काढा

तीन-चार लाखांच्या कॉम्प्युटरसाठी कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवायचा डबा, बघताना नजर आधी काचेवर आणि दिव्यांवर जाते. ती वळवा स्पेसिफिकेशनखालच्या बारीक अक्षरांकडे. ‘ग्राफिक्स कार्ड ४०० मिमीपर्यंत’ हा आकडा पुष्कळदा पुढचे पंखे न धरता दिलेला असतो. पुढे प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणारा ३६० मिमीचा रेडिएटर लावलात की त्याचे २७ आणि पंख्यांचे २५ असे ५२ मिमी गेले, उरले ३४८. असूसचं आरओजी स्ट्रिक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड भरतं ३५७.६. म्हणजे सगळं घासाघीस करून घेतलेलं कार्ड साडेनऊ मिलिमीटरसाठी बाहेरच.

रेडिएटर वर चढवला तर कार्ड सुटतं, पण मग मदरबोर्डाच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत मोजा. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटरच ३८ मिमी जाड आहे, पंख्यांसह ६३. जागा अपुरी असेल तर पंखे रॅमवर किंवा व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाच्या) हीटसिंकवर टेकतात.

रुंदी मात्र हमखास विसरली जाते. ४०९०, ५०९० या कार्डांच्या १६ पिनांच्या वीज केबलला कनेक्टरपासून पहिले ३५ मिमी वाक देऊ नये. काचेने केबल दाबली की प्लग तिरका होतो, पिना अर्धवट टेकतात आणि त्या जागी तापून प्लास्टिक वितळू शकतं. कार्ड १५० मिमी रुंद असेल तर बोर्ड ते काच १९० तरी हवेत.

प्रोसेसरवर बसणाऱ्या एअर कूलरचंही तेच. नॉक्टुआ एनएच-डी१५ ची उंची १६५ मिमी, पण ती ३२ मिमीच्या रॅमवर. दिव्यांची ४४ मिमीची रॅम घेतलीत तर पुढचा पंखा १२ मिमी वर सरकतो, उंची १७७ होते आणि कूलरला १७० मिमीच जागा असलेल्या कॅबिनेटची काच लागत नाही.

५०९० एकटं ५७५ वॅटपर्यंत ओढतं, तेव्हा हवा आत यायला पुढे जाळीच हवी. फ्रॅक्टलच्या टॉरेंट या कॅबिनेटला पुढे १८० मिमीचे दोन पंखे आहेत. मात्र त्यात एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) छताशी बसतो, त्यामुळे तिथे रेडिएटर विसरा. धुळीसाठी बाहेरून काढता येणारे फिल्टर बघा, नाहीतर ते कधीच धुतले जात नाहीत.

जोडणी करताना काढलेली काच लादीवर उभी टेकवू नका. टेम्पर्ड काचेच्या कडेला सिरॅमिकचा कठीण कण लागला की क्षणात अख्ख्या काचेचा चुरा होतो. गादीवर आडवी ठेवा.