सावंतवाडीची खेळणी, पिंगुळीच्या बाहुल्या

सावंतवाडीला आलेले लोक मोती तलावावर फोटो काढतात, कोंबडी-वडे खातात आणि तसेच पुढे गोव्याला सटकतात, मला दरवेळी वाटतं अहो थांबा की जरा, लाकडी खेळण्यांची चितार आळी राहिली ना! यावेळी लेकीला घेऊन मुद्दाम तेवढ्यासाठीच गेले.

आळीतल्या दुकानांत लाकडी केळी, सीताफळं, मिरच्या, भातुकली, बैलगाड्या, सगळं एकावर एक रचलेलं. पूर्वी हे मुख्यतः पांगाऱ्याच्या लाकडाचं व्हायचं, हलकं आणि कोरायला मऊ असतं म्हणून. एक आंबा हातात घेतला तर देठाजवळ हिरवट, मग पिवळा, आणि एका गालावर लाली अशी उतरवलेली की नाकाजवळ न्यावासा वाटतो. लेक लांबूनच बघत होती तर दुकानातले काका म्हणाले, "हात लावन बघ गो बाय, काय एक होवचा नाय." मग काय, तिने खाली बसून फळांचा बाजारच मांडला, मिरची झाली भाजीवाली आणि फणस झाला तिचा नवरा, दोघांचं भांडण सुरू. खेळण्यावर नाक-डोळे नसले तरी पोरांचं काही अडत नाही, उलट नसले की गोष्ट जास्त रंगते असं माझं ठाम मत आहे.

राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवताना बघायला मिळतो. ही कला संपत आली होती तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वयस्कर कारागिराकडून ती शिकून घेतली आणि पुन्हा उभी केली, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. दशावतारी गंजिफात १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी १२, मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दिवसा खेळताना ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची आणि रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याने! पत्त्यांच्या नियमातसुद्धा गोष्ट घुसवलीये या लोकांनी.

दुसऱ्या दिवशी पिंगुळी. कुडाळहून रिक्षाने अगदी जवळ आहे. तिथे परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यातच म्युझियम केलंय, ठाकर आदिवासी कला आंगण, त्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. ठाकर समाज पिढ्यानपिढ्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी सांभाळत आलाय, सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता आणि देवळांमधून त्यांचे खेळ व्हायचे. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, अशा एका आख्यानाच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, एकेक चित्र समोर धरत गाऊन गोष्ट सांगायची.

पण मी खिळून बसले ती कळसूत्री बाहुल्यांसमोर. खेळ सुरू व्हायच्या आधी बाहुली जवळून बघितली, लाकडी तोंड, मोठाले डोळे, झगझगीत कपडे, हातात धरली तर नुसती लोंबकळते. चेहरा एकच, कायमचा कोरलेला, हसू नाही की रडू नाही. आणि मग पडद्यामागून गाणं सुरू झालं, टाळ वाजले, दोरी जराशी सैल सोडली तशी बाहुलीची मान खाली गेली, एक हात हळूच वर आला, आणि शप्पथ सांगते मला ती रडताना दिसली! थोड्या वेळाने तोच चेहरा तावातावाने भांडत होता आणि मला त्यावर राग दिसत होता, म्हणजे अर्धं काम त्या बोटांचं आणि गळ्याचं आणि उरलेलं आपल्या डोळ्यांचं. लेकीने तर मध्येच उठून बाहुलीला "मागे बघ, मागे बघ" असं ओरडून सांगितलं आणि पडद्यामागच्या दादांनी लगेच बाहुलीला वळवून तिच्याकडे बघायला लावलं, काय हशा पिकला सांगू! चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ वेगळा, त्यात पडद्यामागे दिवा आणि आपल्याला दिसतात त्या रंगीत सावल्या, त्यावर एक अख्खी वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

एकाच जिल्ह्यात तेच दहा अवतार पत्त्यावर गोल बसलेत आणि जत्रेत रात्रभर दशावतारी नाटकात माणसं होऊन नाचतात, आणि त्याच पुराणातली माणसं इथे बाहुल्या होऊन दोरीवर भांडतात. याच्याइतकं श्रीमंत काही मला इतक्या जवळ-जवळ कुठे बघायला मिळालं नाहीये.

जाणार असाल तर पिंगुळीला आधी फोन करून खेळ बघायचाय असं सांगा, नुसतं म्युझियम बघून परतू नका. आणि चितार आळीत खरेदी करताना शोकेससाठी मोठी फळांची परडी घेण्यापेक्षा सुटी छोटी खेळणी घ्या, मुलांच्या हातात मावतील अशी. रंग उडाला तर उडू दे, आमची मिरची आता वापरून वापरून शेपटाशी पांढरी पडलीये आणि तिचं फणसाशी भांडण अजून मिटलेलं नाही.